अकरा नावांची यादी आणि काळी चार

पत्र: "माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. नऊ वर्षं गावातल्याच सरांकडे शास्त्रीय गाणं शिकते. गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली, यंदा विशारद प्रथमला बसेल. जिल्ह्यातल्या बहुतेक स्पर्धांत पहिली येते. तिला गाण्यातच पदवी घ्यायची आहे. आम्ही दोघींनी नेटवर बघून अकरा कॉलेजांची यादी केली, ती सोबत पाठवते. तिचे बाबा म्हणतात, सीईटी दे, इंजिनिअर हो, गाणं काय शनिवार-रविवारीही करता येतं. यातल्या कुठल्या कॉलेजात तिला नक्की मिळेल, तेवढं सांगा. दोन रेकॉर्डिंग जोडली आहेत. तंबोरा विकत घ्यावा का, हेही कळवा." – एक आई, बार्शी

ताई, नमस्कार.

यादी बाजूला ठेवून आधी रेकॉर्डिंग लावलं. मी गाणारा नाही, ऐकणारा. म्हणून एका गायिका मैत्रिणीला बरोबर बसवलं. तिला मुलीचं गाव, वय, बक्षिसं, काही सांगितलं नाही. पहिलं, बागेश्री रागाचं, सतरा मिनिटांचं आहे. मोबाइलवरचा तंबोरा गळ्यापेक्षा मोठा वाजतोय, पण पहिला सा लागला तसा मैत्रिणीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. आवाज मोकळा आहे. मध्यमावर, म्हणजे म या स्वरावर, थांबायची हिंमत आहे, या वयात ती सहसा नसते. मग बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतली बंदिश, सुरू झाला आणि तालाच्या तिसऱ्या आवर्तनापासून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायची घाई दिसायला लागली. दोनदा सम हुकता हुकता वाचली. द्रुत, म्हणजे जलद बंदिशीतल्या ताना पाठ केलेल्या, सगळ्या एकाच वळणाच्या. मैत्रीण म्हणाली, "स्पर्धेची सात मिनिटं हिला छान येतात. आठव्या मिनिटाला काय करायचं ते हिला अजून कुणी दाखवलेलं नाही." दुसऱ्या रेकॉर्डिंगमधल्या नाट्यगीतावर ती काही बोलली नाही, पण शेवटपर्यंत ऐकलं.

आठव्या मिनिटाचं ते वाक्य मुलीला जसंच्या तसं सांगा. तिला वाईट वाटेल, एखादा दिवस रुसेल, चालेल. कॉलेज शोधायचंय ते त्या आठव्या मिनिटासाठी. एकदा हे धरलं की यादी आपोआप लहान होते.

पहिलं नाव बोस्टनच्या बर्कलीचं आहे. नाव मोठं, यात शंका नाही. तिथं भारतीय विद्यार्थीही जातात, त्यांचा गायन-वादनाचा ताफाही गाजलेला आहे. पण तिथलं मुख्य शिक्षण जॅझ, पॉप, संगीत-रचना, निर्मिती या अंगानं चालतं. ख्याल गाणाऱ्या मुलीला तिथं आठवं मिनिट कोण शिकवणार? आणि नुसती फीच वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या वर आहे, राहणं-खाणं वेगळं. हे नाव खोडा. चेन्नईचं केएम कॉन्झर्व्हेटरी ए. आर. रहमान यांनी 2008 मध्ये सुरू केलं. पियानो, पाश्चात्त्य गायन, म्युझिक टेक्नॉलॉजी यांत रस असलेल्या मुलांना मी ते आवर्जून सांगतो. तुमच्या पत्रात या गोष्टींचा एक शब्दही नाही. मुंबईतल्या म्युझिक प्रॉडक्शनच्या एका खासगी संस्थेलाही याच कारणानं काट मारली. मुलीनं कधी घरात लॅपटॉपवर गाणं रचून बघितलं असेल तर मात्र मला कळवा, मग वेगळं बोलू.

कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी हे कॉलेजच नाही. तिथं गुरूंच्या सहवासात राहून शिकायचं असतं, राहायची सोय आणि विद्यावेतन मिळतं, पदवी मिळत नाही. निवड होते ती चांगल्या तयारीच्या मुलांची. आज अर्ज करू नका. हे नाव कपाटाच्या आत, दाराला, चिकटवून ठेवा. पाचेक वर्षांनी उपयोगी पडेल.

राहिली सात. आता तुमचा प्रश्न, "नक्की कुठे मिळेल?" ताई, प्रात्यक्षिक परीक्षा असलेल्या ठिकाणी "नक्की" असं काही नसतं. गेल्या खेपेला मी भाच्याला घेऊन एका विद्यापीठात गेलो होतो. यमन राग चोख बसवलेला. आत तीन परीक्षक. चार मिनिटांनी मधले गृहस्थ म्हणाले, "छान. आता तबला राहू दे. भूप आणि देशकार गाऊन दाखव." स्वर दोन्हींत तेच पाच, चालणं वेगळं. भाच्याला फरक तोंडी सांगता येत होता, गळ्यातून काढता येत नव्हता. त्या वर्षी प्रवेश हुकला, पुढच्या वर्षी मिळाला. तेव्हा आजपासून मार्चपर्यंत मुलीला नवे राग नकोत. येतात त्याच सात-आठ रागांत तिला अशी कोडी घाला. बागेश्री आणि रागेश्री शेजारी शेजारी गायला लावा. सरांना सांगा, मध्येच थांबवा, कुठल्याही मात्रेपासून उचलायला लावा. विलंबित एकताल हातावर धरून वीस मिनिटं, तबला ॲप बंद.

उरलेल्या सातांत माझं पहिलं बोट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रावर आहे. 1987 पासूनचं केंद्र, आणि नावातच गुरुकुल आहे. वर्गातल्या तासांबरोबर गुरूपाशी बसून शिकणं हा तिथल्या शिक्षणाचा गाभा आहे. मुलीला हवं ते नेमकं हेच. जागा थोड्या आणि येणारी मुलं चांगली, म्हणून हे ताणून हात पोचेल असं ठिकाण धरा. त्याच शहरात कर्वे रस्त्यावर एसएनडीटीचा परिसर आहे. फक्त मुलींचं विद्यापीठ, बीएला संगीत घेता येतं. पहिल्यांदाच घराबाहेर पडणाऱ्या मुलीच्या आईला रात्री झोप लागावी असं वातावरण. अनेकींना हे नाव ललित कला केंद्राइतकं भारदस्त वाटत नाही. पण प्रभा अत्रे एसएनडीटीच्या मुंबईच्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या, हे मुलीला सांगून बघा.

बडोदा तुम्ही नवव्या नंबरावर टाकलंय, मी तिसऱ्यावर आणतो. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं 1886 मध्ये मौलाबक्षांनी तिथं गायनशाळा काढली, तिचीच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी झाली. पदवी चार वर्षांची. फी सरकारी विद्यापीठाची, आणि गावात मराठी इतकी मुरलेली की परक्या राज्यात आल्यासारखं वाटत नाही. छत्तीसगडमधलं खैरागड दूर आहे, राजनांदगावला उतरून पुढे बस. पण 1956 पासून निव्वळ कलांसाठी असलेलं ते विद्यापीठ, राजवाड्यात भरतं, आणि लहान गाव असल्यानं रियाजाशिवाय दुसरं काही करायलाच नाही. काही मुलांना ते मानवतं, काही महिन्याभरात रडून परत येतात. तुमची मुलगी कुठल्या जातकुळीची ते तुम्हालाच माहीत.

बनारस मनात ठेवा. बनारस हिंदू विद्यापीठातलं संगीत महाविद्यालय ओंकारनाथ ठाकुरांनी उभं केलं, आणि ते विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. म्हणजे मुलगी ज्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत आली, त्याच घरातली ही थोरली शाखा. फक्त तिथं सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा लागते, तिचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीतच भरावा लागतो आणि निकालानंतर जागे होणाऱ्यांची गाडी चुकते. दिल्ली मी खोडलं. तिथंही सीयूईटी आणि वर प्रात्यक्षिक, शिवाय खोलीभाडं. मुंबई विद्यापीठ, ठाण्या-डोंबिवलीकडे कुणी सख्खं राहत असेल तरच.

आता जे यादीत नाही ते. तुम्ही अकरा कॉलेजं लिहिलीत, एकाही गुरूचं नाव लिहिलं नाही. कॉलेज तिला परीक्षा देईल, ग्रंथालय देईल, संगतीला तबल्याची मुलं देईल, हे सगळं हवंच. पण आठवडाभर समोर बसवून "पुन्हा म्हण" म्हणणारं माणूस कॉलेजच्या वेळापत्रकात मिळेलच असं नाही. म्हणून आधी गाव ठरवा. ज्या गावात तिचं गाणं ऐकून घेईल असं माणूस आहे, त्या गावातलं जे कॉलेज मिळेल ते चांगलं. पुण्यात मनासारखा गुरू मिळाला आणि ललित कला केंद्रात नाही लागलं, तर साध्या कॉलेजात मराठी किंवा मानसशास्त्र घेऊन बीए करणं मला बडोद्यापेक्षाही बरं वाटेल.

गुरू शोधायला फोन करून "शिकवाल का?" विचारू नका. हो म्हणायला कुणी धजत नाही आणि नाही म्हणणंही अवघड जातं. बार्शीच्या सरांकडून चार ओळींची चिठ्ठी घ्या. त्यांना डावलून तर काहीच करू नका, नऊ वर्षं त्यांनी गळा सांभाळलाय आणि तो खराब केलेला नाही, हे मोठं काम आहे. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला दोन दिवस पुण्यात या. त्याच फेरीत दोघा-तिघांना "एकदा ऐकाल का?" एवढंच विचारा. ऐकताना कोण काय बोललं यापेक्षा कुणी मध्येच थांबवून एखादी जागा तिच्याकडून परत म्हणवून घेतली, ते लक्षात ठेवा.

बाबांचं म्हणणं. ते रागावून बोलतात असं तुमच्या पत्रावरून वाटलं, पण प्रश्न बरोबर आहे. त्यांना कुणी सांगितलं असेल की प्रभाताई सायन्स आणि कायदा शिकल्या, अश्विनी भिडे-देशपांडे यांनी तर जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली. खरं आहे. पण प्रभाताई पुण्यात होत्या आणि सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकत होत्या. अश्विनीताईंच्या तर घरातच माणिक भिडे, म्हणजे आईच गुरू. त्यांच्या गाण्याला शनिवार-रविवारची वाट बघावी लागली नाही. तुमच्या मुलीला इंजिनिअरिंगचं कॉलेज लागेल कुठे, तर जिथं मेरिट नेईल तिथं. सबमिशन, प्रॅक्टिकल, हॉस्टेलच्या भिंती पातळ, पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, लावायचा कुठे? सीईटी द्यायचीच असेल तर क्लास न लावता देऊ दे, बाबांचा मान राहील. एप्रिल-मेचे दोन महिने मात्र त्यात घालवू नका.

पोटापाण्याचं त्यांना असं सांगा. विशारदला पदवीच्या तोडीचं मानायचं की नाही, हे ज्या-त्या नोकरीच्या नियमांवर ठरतं, त्यावर विसंबू नये. केंद्रीय विद्यालयात प्राथमिकला संगीत शिक्षक व्हायचं तर बारावीला किमान 50 टक्के आणि संगीतातली पदवी मागतात. महाविद्यालयात शिकवायचं तर एमए आणि नेट ही पात्रता परीक्षा, तिच्यात संगीत हा विषय आहे. म्हणून पुण्यात साधं बीए केलं, तरी एमए कुठे आणि कशात करता येईल ते आधीच विचारून ठेवा. आकाशवाणीची श्रेणी मिळाली तर कार्यक्रमांना बोलावणारे फोनवर थोडे अदबीनं बोलतात, पण त्यावर घर चालत नाही. बहुतेक गाणाऱ्यांचं घर शिकवण्यांवर चालतं, चांगलं चालतं. आणि "दुसरी पदवी हातात असू दे" हा त्यांचा हट्ट असेल, तर 2022 पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. संगीत नियमित आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून दुसरी, हे जमू शकतं. मी मात्र पहिल्या वर्षी तो भार टाकणार नाही.

अठरा पूर्ण झाली की केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती बघा. 18 ते 25 वयासाठी आहे, दोन वर्षं महिना 5000 रुपये. पुण्यातल्या मेसचा खर्च सुटेल. त्यासाठी गुरूकडे सलग शिकत असल्याचा कागद लागतो, तेव्हा सरांकडून वर्षवार लिहून आत्ताच घ्या, मागाहून तारखा आठवत नाहीत. राज्याबाहेर जायचं ठरलं तर बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेटही लागेल.

तर अर्ज पाच ठिकाणी: ललित कला केंद्र, एसएनडीटी पुणे, बडोदा, खैरागड, आणि सीयूईटी भरून बनारस. सहावं, गाण्याची परीक्षा न लागणारं, पुण्यातलं साधं बीए. सायन्सची बारावी यातल्या कशाच्या आड येत नाही. बारावीचे टक्के फार पडू देऊ नका, इतकंच.

तंबोरा. प्रवेश परीक्षेसाठी घ्यायची गरज नाही, ॲप पुरतं, फक्त त्याचा आवाज गळ्यापेक्षा लहान ठेवा आणि मोबाइलऐवजी बऱ्या स्पीकरवर लावा. पण गाण्यातच जायचं ठरलं, तर घ्या. मिरजेला सतारमेकरांच्या पेठेत जा, सरांना बरोबर न्या, मुलीला तिथंच मांडी घालून बसवा. ती काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात गाते, त्या सुराला मोकळा बोलणारा, तिच्या खांद्याला पेलणारा बघा. दुकानदार मोठा, नक्षीवाला दाखवेल. तो नको. भोपळ्यावर टिचकी मारून बघायची हौस मात्र तुम्ही भागवून घ्या. मिरजेला हे भोपळे जातात ते तुमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून.

दिवाळीनंतर बागेश्रीचं दुसरं रेकॉर्डिंग पाठवा. वीस मिनिटांचं, एका दमात केलेलं, चुका न कापता.