व्हॉट्सॲपमध्ये कोणती नवीन फीचर्स यावीत असं तुम्हाला वाटतं? (जरा हटके सांगा)

आपल्या वतीने वाईटपणा घेणारं फीचर. बाकी रंगीत थीम, एआय वगैरे नाही आलं तरी माझं काही अडत नाही.

तुम्ही हटके सांगा म्हणालात, पण मला हे सगळं अगदी मनापासून हवंय. आत्याला "रोज फुलांचे फोटो पाठवू नकोस" हे सांगायचं कोणी, हीच आपल्याकडची खरी अडचण. कंपनीलाही ती थोडीफार कळलेली दिसते. पूर्वी ग्रुप जास्तीत जास्त वर्षभर म्यूट करता यायचा, २०२० मध्ये तो कायमचा गप्प करायची सोय आली. २०२२ मध्ये गुपचूप ग्रुप सोडता येऊ लागला, म्हणजे तुम्ही गेलात हे फक्त ॲडमिनना कळतं. कॅलिफोर्नियात बसून ज्याने हे केलं त्याला वाटलं असेल, झालं काम. पण आमच्या माहेरच्या ग्रुपवर थोरल्या काकांना ॲडमिन केलं तेव्हा धाकटे काका रुसले. त्यांना केलं तर आत्या म्हणाली, "मुलींना या घरात काही मान आहे की नाही?" शेवटी सगळेच ॲडमिन. म्हणजे मी गुपचूप बाहेर पडले की अख्ख्या खानदानाला वर्दी! शिवाय सोडून गेलेल्यांची नावं पुढे ६० दिवस ग्रुपच्या माहितीत कोणीही बघू शकतं. दोन महिन्यांत आमच्यात एक तरी लग्नकार्य असतंच, आणि "काय गं, ग्रुप सोडलास म्हणे?" हे विचारायला पूर्ण पंगत मोकळी असते.

तर पहिली मागणी अशी की बाहेर पडताना कारण व्हॉट्सॲपने स्वतःच्या नावावर सांगावं. 'तांत्रिक कारणास्तव यांना काढण्यात आले आहे. जाताना त्या फार रडत होत्या.'

सुप्रभातवाल्या चित्रांचं दुखणं तर जगजाहीर आहे. भारतातले फोन इतके का तुंबतात याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना सूर्योदय, गुलाब आणि चहाच्या कपांचे ढीग सापडले, अशी बातमी जानेवारी २०१८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने दिली होती. गूगलने मग आपल्या 'फाइल्स गो' ॲपमध्ये ती चित्रं हुडकून पुसायची सोय केली. पण पुसायचं कोणी? आपणच! माझा उपाय वेगळा आहे. चित्र मला दिसावं, जागा मात्र पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये अडावी, तीही जितक्या जणांना पाठवलं तितक्या पटीने. आठवडाभरात आत्याचा फोन मान टाकेल. ती तो घेऊन मोबाइलच्या दुकानात जाईल आणि दुकानातला मुलगा म्हणेल, "काकू, फोटो जरा कमी पाठवत जा." त्याचं ती ऐकेल. परक्याचं ऐकतात आमच्याकडे.

आता जे मला सगळ्यात जास्त हवंय ते. सुतक मोड.

सकाळी ग्रुपवर बातमी येते, नाना गेले. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली 'ॐ शांती', मग हात जोडलेल्यांची रांग. तेवढ्यात वरचं काहीही न वाचता एक चुलतभाऊ उगवतो आणि केक, फुगे, नाचणारं अस्वल टाकतो. कारण त्याच दिवशी पुण्याच्या भाच्याचा वाढदिवस. इथून पुढे ग्रुप हाताबाहेर जातो. काही जण भाच्याला 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' पाठवून मोकळे होतात. एक मावशी दोघांचं एकाच मेसेजमध्ये उरकते. आणि भाचा मोठ्या नम्रपणे, श्रद्धांजलीच्या बरोबर खाली लिहितो, 'आपण सर्वांनी आठवण ठेवलीत, मनःपूर्वक आभार, असंच प्रेम राहू द्या.'

मे २०२२ मध्ये मेसेजवर रिॲक्शन द्यायची सोय आली तेव्हापासून तर विचारूच नका. सुरुवातीला सहाच चिन्हं होती. त्यात एक हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा आणि एक खरोखर रडणारा. सत्तरीतल्या डोळ्यांना दोन्हींत फक्त पाणी दिसतं. त्यामुळे नानांच्या बातमीवर त्यांच्या जुन्या ऑफिसातले चार मित्र खदाखदा हसतायत, आणि ते बिचारे खरोखर हळहळत होते हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. चूक दाखवायची कोणी? पुन्हा तेच.

सुतक मोड लावला की फुगे, केक, अस्वल सगळं कुलूपबंद. हसरा चेहरा दाबला तरी उमटावा रडकाच. मोड दहाव्याला उठवायचा की तेराव्याला, यावर वाद होणारच. तो घालायला वेगळा ग्रुप काढावा.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर गरजा निराळ्या. तिथे मेसेज पुसण्याची मोठी हौस. सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय २०१७ मध्ये आली तेव्हा त्यासाठी सातच मिनिटं मिळायची, आता दोन दिवसांहून जास्त मिळतात. पण जागेवर 'हा मेसेज डिलीट केला' अशी पाटी उरते आणि तिच्यामुळे मूळ मेसेजपेक्षा जास्त बभ्रा होतो. "काय लिहिलं होतं हो त्यांनी?" यावर जिन्यात परिषदा भरतात. माझं म्हणणं, पुसलेल्या मेसेजच्या जागी आपोआप गुलाबाचं सुप्रभात यावं. कोणी ढुंकूनही बघणार नाही.

मतदानाची सोय २०२२ च्या शेवटी आली. गणपतीत महाप्रसादाला पुरी-भाजी की मसालेभात, असे दोन पर्याय सेक्रेटरी टाकतात. पर्यायावर बोट ठेवायचं सोडून लोक खाली लिहितात, "माझं मत मसालेभाताला, पण मागच्या वेळी मीठ कमी होतं." मग मीठ कोणी टाकलं होतं यावरून दोन मजले अबोला. तेव्हा मतदान चालू असेपर्यंत कीबोर्ड बंद ठेवा, बाबांनो. आणि 'एमएच झिरो फाइव्हवाली पांढरी गाडी कोणाची आहे, कृपया काढा' हा मेसेज टाकला की गाडीच्या मालकाचा फोन, सायलेंटवर असला तरी, गाडी हलेपर्यंत वाजत राहावा.

व्हॉइस मेसेजबद्दल थोडक्यात सांगते. २०२१ पासून तो दुप्पट वेगाने ऐकता येतो, पण आमच्या मामांना तो वेग पुरत नाही. खाकरणं, कुकरच्या शिट्ट्या, "हॅलो, ऐकू येतंय ना?", आणि शेवटी "बाकी भेटल्यावर बोलूच". थेट मुद्द्यावर नेणारं बटण द्या, आणि मुद्दाच नसेल तर तसं आधी सांगा.

फॉरवर्डवर कंपनीने बरेच निर्बंध घातले. २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी, २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. आमच्या मंडळींनी त्यावर कॉपी-पेस्टचा तोडगा केव्हाच काढलाय. मला त्यात फक्त 'लेखक हयात आहे का?' एवढी तपासणी हवी. दोन दशकांपूर्वी वारलेले विनोदी लेखक लॉकडाऊनवर इतकं लिहून गेले, हे मला अजून पचलेलं नाही.

राहता राहिले ॲडमिन. ग्रुपवर दुसऱ्या कोणी आक्षेपार्ह काही टाकलं, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. ॲडमिनच्या हाती माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं, असंही त्यात होतं. काढणं हातात असतं हे वाचून आमच्या घरात सगळे हसले. म्हणून ॲडमिनला राजीनामा द्यायची सोय हवी, रीतसर, हारतुरे आणि आभारप्रदर्शनासकट. सध्या शेवटचा ॲडमिन निघून गेला की व्हॉट्सॲप उरलेल्यांतल्याच कोणाला तरी ॲडमिन करून टाकतं. आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर असंच झालं. ज्याच्या गळ्यात ही माळ पडली त्याने ग्रुप कधीचाच कायमचा म्यूट केलेला आहे, त्यामुळे त्याला अजून पत्ता नाही. वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे. सांगायला कोणी तयार नाही, मी तर नाहीच नाही.