जर्मनीतील नोकरी आणि संध्याकाळचे दुसरे काम

म्युनिकच्या कंपनीच्या करारात ‘पूर्वपरवानगीशिवाय इतर कोणतेही काम करता येणार नाही’ असे कलम आहे; तेव्हा पुण्यात संध्याकाळी चालणारी तुमची गणिताची ऑनलाइन शिकवणी इकडे आल्यावर बंद करावी लागेल का, असे तुम्ही विचारले आहे. बारा वर्षे इथे नोकरी केल्यावर मी एवढे नक्की सांगू शकतो की, त्या कलमाला घाबरून शिकवणी सोडण्याचे कारण नाही, पण न विचारता ती चालू ठेवण्याची चूकही करू नका.

भारतात 2022 मध्ये ‘मूनलाइटिंग’वरून, म्हणजे नोकरी सांभाळून बाहेर दुसरे काम करण्यावरून, गदारोळ झाला आणि विप्रोने 300 जणांना काढल्याचे जाहीर केले, त्यामुळे आपल्याकडच्या आयटीवाल्यांच्या मनात दुसरे काम म्हणजे बेइमानी असे समीकरण बसले आहे. जर्मनीत व्यवसायस्वातंत्र्य हा राज्यघटनेच्या 12व्या कलमाने दिलेला हक्क आहे. म्हणून दुसऱ्या कामावर सरसकट बंदी घालणारे कलम इथल्या न्यायालयांत टिकत नाही, आणि परवानगीची अट असली तरी कंपनीच्या रास्त हितसंबंधांना बाधा येत नसेल, तर ती परवानगी मिळणे हा तुमचा हक्क ठरतो. प्रतिस्पर्धी कंपनीचे काम करणे, आजारपणाच्या रजेत दुसरीकडे राबणे किंवा थकव्यामुळे मूळ कामात चुका होणे, ही नकार देण्याची खरी कारणे आहेत. शाळकरी मुलांना गणित शिकवणे त्यांत बसत नाही.

तासांचा हिशेब मात्र काटेकोर असतो. दोन ठिकाणी पगारी नोकरी असेल, तर दोन्हीकडचे तास कायद्याने एकत्र मोजले जातात आणि ते सरासरीने आठवड्याला 48च्या पुढे जाऊ शकत नाहीत. म्हणजे 40 तासांच्या नोकरीनंतर 8 तास उरतात. शिवाय दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग 11 तासांची विश्रांती हवी, म्हणून रात्री 11 वाजता काम संपवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी 10च्या आत कामाला लागता येत नाही. स्वतंत्र व्यवसायाला हा कायदा लागू नाही, तरी तुमच्या बाबतीत खरी अडचण तिथेच आहे. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा वास्तव्य परवाना, नोकरीसाठी मिळते, आणि विद्यार्थ्यांकडून स्वतः फी घेऊन शिकवणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला, त्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. कार्डासोबत एक घडीचा कागद मिळतो, त्यावर कोणते काम करता येईल हे छापलेले असते. बहुतेकजण तो न वाचताच पासपोर्टमध्ये ठेवून देतात. कंपनीने होकार दिला तरी या परवानगीची जागा तो होकार घेऊ शकत नाही.

माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी शनिवारी एका भारतीय किराणा दुकानात गल्ल्यावर बसत असे आणि कार्यालयात कोणाला कळवले नव्हते. एका शनिवारी आमच्याच विभागातील एक सहकारी बासमतीची पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिने हसून पैसे दिले, पण सोमवारी मला बोलावणे आले आणि आठवड्याभरात ‘आबमानुंग’, म्हणजे लेखी ताकीद, हाती पडली. वरिष्ठ म्हणाले, विचारले असते तर त्याच दिवशी हो म्हटले असते. आक्षेप दुकानाला नव्हता, न सांगण्याला होता. माझ्याकडे कायम वास्तव्याचा परवाना होता म्हणून निभावले. तुमच्याकडे तो नसेल, हे कृपया विसरू नका.

तेव्हा करारावर सही करण्यापूर्वीच मनुष्यबळ विभागाला पत्र लिहा. काय शिकवता, आठवड्याला किती तास, कोणत्या वेळी, आणि कंपनीच्या व्यवसायाशी त्याचा संबंध नाही, एवढे त्यात पुरे. उत्तर लेखीच मागा. इथे पोहोचल्यावर ते उत्तर जोडून परदेशी नागरिक कार्यालयाकडे अर्ज करा, आणि तिथून परवानगी हाती येईपर्यंत नव्या तुकडीची फी स्वीकारू नका.