मावशींना विचारा : जावयाला आमटी-भात वाढू का?

प्रश्न : मावशी, लेक-जावई पुण्याहून शुक्रवारी रात्री येतात आणि रविवारी जेवून परत जातात. लेकीनं बजावलंय, ‘आई, चैत्राच्या उन्हात श्रीखंड-पुरीचा घाट घालू नको, नेहमीचंच कर.’ खरं जावयापुढं नुसता आमटी-भात वाढायला मन होत नाही ओ. त्यात गेल्या खेपेला मसुरात कैरी घातली, तर तासभर उकळूनही मसूर कच्चाच. काय करू?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : लेकीचं ऐका की! श्रीखंड पुण्यात कोपऱ्यावर मिळतं. कुंदा तर बेळगावहून जाणारा प्रत्येक जण पिशवीत घालून नेतोच. तिकडं मिळत नाही तो आपल्या शिवारातला मसूर आणि बेळगाव बासमती. सुगीत भात कापला की वडगाव-येळ्ळूरकडं त्याच रानात, उरलेल्या ओलीवर मसूर येतो. चैत्रात तो घरात आलेला असतो, तांदूळही जरा मुरलेला असतो. जावयाला याहून वेगळं काय वाढणार?

आता तुमच्या कैरीचं. आंबटात कडधान्य शिजत नाही; साल घट्टच राहते, मग कितीही उकळा. कैरी, चिंच, आमसूल, टोमॅटो, काहीही असो, दाणा बोटांत दाबून पीठ झाला की मगच आत जायचं. वाटीभर अख्खा मसूर कोरडा भाजून घ्या, धुवा, तीन वाट्या पाणी, हळद आणि तेलाचे दोन थेंब घालून कुकरला लावा. शिट्ट्यांचा आकडा मी सांगत नाही, प्रत्येकीचा कुकर वेगळा. फोडणीत लसूण ठेचून सढळ हातानं, कढीपत्ता, मग कांदा. कांदा कडेनं लाल झाला की घरची कांदा-लसूण चटणी आणि भाजून वाटलेलं सुकं खोबरं. चटणीत रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी मिरची असेल तर विकतच्या मसाल्याकडं बघूच नका. तेल सुटलं की शिजलेला मसूर, मीठ, गुळाचा खडा आणि सगळ्यात शेवटी कैरीच्या सालासकट चार-पाच फोडी. मंद आचेवर पाच-सात मिनिटं. फोड चमच्यानं दबली पाहिजे, पण आमटीत विरघळून जाता कामा नये.

ही आमटी शनिवारी दुपारी. बरोबर भात, भाकरी, हातानं फोडलेला कांदा, ताक. पाचवा पदार्थ करायला उठलात तर लेक रागावेल आणि तिचं बरोबर असेल. शुक्रवारी रात्री प्रवासातून आलेल्यांना फक्त मऊ भात, मेतकूट आणि तूप. शनिवारी संध्याकाळी गॅस पेटवायचाच नाही. चुरमुऱ्याला तेल, मीठ, तिखट चोळा, वर कांदा आणि कैरीचे बारीक तुकडे. वळीव आलाच तर अंगणातून गच्चीवर नको, सरळ माजघरात बसा.

रविवारी चित्रान्न. शेजारच्या कन्नड घरांतून आपल्या पंक्तीला आलेलं, आणि आता आपलंच झालेलं. त्यासाठी शनिवारी भात जास्तीचा लावा, ताटात पसरून वाफ घालवा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. या दिवसांत रात्रभर बाहेर राहिलेला भात पोट बिघडवतो. परत गरम केला म्हणून तो दोष जातोच असं नाही. गार भाताचं शीत मात्र घट्ट होतं, परतताना गोळा होत नाही. तेलात मोहरी, हरभरा डाळ, उडीद डाळ, शेंगदाणे, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद. किसलेली कैरी घालून मिनिटभरच परता, मग भात, मीठ आणि ओलं खोबरं. कैरी किती आंबट आहे ते आधी चाखून बघा, म्हणजे मीठ-मिरचीचा अंदाज येतो.

आणि हो, भांडी जावयाला घासू द्या. पुण्यात घासतातच ना!

प्रश्न : रविवारी स्वयंपाक माझ्याकडे असतो. पिठलं जमतं, पण ज्वारीची भाकरी थापताना कडेनं फाटते. बायको हसते.
— एक नवरा, खानापूर

उत्तर : हसू दे, खाते ना? ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो उकळत्या पाण्यानं आणावा लागतो. एका भाकरीपुरतंच पीठ घ्या, उकळतं पाणी घालून आधी चमच्यानं कालवा, सोसवेल तेव्हा तळव्यानं रगडून मळा. खानापूर भाताचा मुलूख, तिथं ज्वारीचं पीठ डब्यात महिनोन्‌महिने पडून राहतं, आणि जुनं पीठ हमखास तुटतं. थोडीच ज्वारी ताजी दळून आणा. थापताना बोटं कडेवर ठेवा, मध्यावर जोर नको. वरच्या बाजूला पाणी फिरवून ते सुकायच्या आत उलटा, नाहीतर तव्यावरही फुटेल.