स्कॉटलंडचं तिकीट परवडेल, डिसेंबरचा हप्ता परवडणार नाही

कोल्हापूरच्या नागाळा पार्कातून एका ताईंचं पत्र आलंय. वय 63, निवृत्त नर्स. ऐन तरुणपणी नवऱ्यासोबत नेपाळात, पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी सेवा केली. त्यांना तिथे नेणारी ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ 1954 पासून काम करते, आणि तिच्यात देशोदेशीची माणसं असत. त्यांच्यातले काही जण येत्या सप्टेंबरात स्कॉटलंडला भेटणार आहेत. राहणं एका मैत्रिणीकडे. ट्रॅव्हलवाल्याने 4 लाखांचा आकडा दिलाय. ताई विचारतात, एफडी मोडू की विमा पॉलिसीवर कर्ज काढू?

ताई, एफडी मोडा आणि जाऊन या. मात्र 4 लाख कशाला? त्यात दहा दिवसांची युरोप टूर घुसवली आहे, ती काढून टाका. युरोपला शेंगेन व्हिसा लागतो, ब्रिटनचा तिथे चालत नाही, म्हणजे फी आणि कागदपत्रं सगळं दुप्पट. तुम्हाला माणसं भेटायची आहेत, आयफेल टॉवर नव्हे. राहणं फुकट असल्यावर तिकीट, व्हिसा, विमा आणि हातखर्च धरून अडीच ते तीन लाखांत भागतं.

तुमचा प्रश्न इथे संपला. आता ज्या पॉलिसीवर कर्ज काढायचं म्हणताय, तिच्याकडे येतो. तिच्या झेरॉक्स पाहून माझं डोकं तापलं.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून मिशनच्या शाळा-दवाखान्यांत इथल्या पिढ्या राबल्या. पगार बेताचे, पेन्शन नावापुरती. तुमची ईपीएसची, म्हणजे पीएफ खात्याची पेन्शन, 1,900 रुपये येते. म्हणून निवृत्तीला हाती येणारी एकरकमी पुंजी हाच अशा माणसांचा खरा आधार, आणि पॉलिसी विकणाऱ्यांचा डोळाही तिच्यावरच. तुमच्या बाबतीत विकणारा चर्चच्या मंडळीतलाच ओळखीचा मुलगा निघाला.

डिसेंबर 2024 मध्ये त्याने तुमच्या गळ्यात काय मारलं? तुम्ही भरायचे वर्षाला 2 लाख, दहा वर्षं. सुरुवातीपासून बारा वर्षांनी कंपनी देणार वर्षाला 3 लाख, बारा वर्षं. ‘20 लाखांचे 36 लाख, गॅरंटीड.’ हिशेब केला तर परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. तुमची साधी एफडी 7 टक्के देते. शिवाय पैसे सुरू होणार तुमच्या 74 व्या वर्षी आणि संपणार 85 व्या.

तिथवर पोचायचं कसं, ते कुणी मांडलेलंच नाही. एफडी 15 लाख. व्याज वर्षाला लाखभर, त्यातले महिन्याला 7 हजार घरखर्चाला जातात. वर हप्त्याचे 2 लाख. म्हणजे दरवर्षी मुद्दल तुटतं, मुद्दल तुटलं की व्याज घटतं. प्रवासाला एक रुपया खर्च न करताही साधारण सहा वर्षांत एफडी साफ होते. हप्ते उरलेत आठ. सत्तरीला हातात एफडी नाही, पॉलिसी अर्धवट, आणि ‘नातवाच्या शिक्षणाला होईल’ म्हणून तुम्ही लिहिलंय ते तर सोडूनच द्या.

प्रपोजल फॉर्मच्या दुसऱ्या पानावर व्यवसाय ‘बिझनेस’ आणि वार्षिक उत्पन्न ‘6,00,000’ असं लिहिलंय. अक्षर तुमचं नाही, सही तेवढी तुमची. खरं उत्पन्न लिहिलं असतं तर 2 लाखांचा हप्ता मंजूर होणं अवघड होतं. हे पान जपून ठेवा, तुमची केस त्यावरच उभी आहे.

डिसेंबरचा हप्ता भरू नका. फ्री-लूकचे, म्हणजे नको असलेली पॉलिसी परत करायचे, 30 दिवस कधीच गेले, पण तक्रारीचा रस्ता उघडा आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा: उत्पन्न खोटं भरलंय, पॉलिसी रद्द करून दोन हप्त्यांचे पूर्ण 4 लाख परत द्या. सोबत विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवरही नोंद करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याचे विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

नाहीच जमलं तर सरेंडर, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडून मिळेल ते घ्यायचं. दोन हप्त्यांनंतर हमीचं किमान मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या 30 टक्के, म्हणजे 1 लाख 20 हजार. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांमुळे विशेष सरेंडर मूल्य यापेक्षा बरंच जास्त निघू शकतं. कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून कमी लाभासह पॉलिसी चालू ठेवणं), दोन्ही आकडे लेखी मागवा. नुकसान होईल. पण ‘4 लाख भरलेत, आता कसं सोडू’ म्हणत आणखी 16 लाख ओतू नका. आणि पॉलिसीवर कर्ज मिळतं ते सरेंडर मूल्याच्या प्रमाणात, त्यामुळे त्यातून 4 लाख निघतील हे कुणी सांगितलं देव जाणे.

उरलेल्या पैशांचं सांगतो. प्रवासाचे 3 आणि अडीअडचणीचा 1 लाख बाजूला काढून 11 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. सध्या 8.2 टक्के, दर तिमाहीला साडेबावीस हजार. त्यात पेन्शन आणि मुलाचे 6 हजार धरले की महिन्याचा तुमचा 15 हजारांचा खर्च जेमतेम निघतो. चर्चला द्यायचा दशांश त्यातच आहे. त्याला मी हात लावणार नाही, तो तुमचा आणि देवाचा व्यवहार.

‘मिशन हॉस्पिटलात ओळख आहे’ हा काही मेडिक्लेम नव्हे. पॉलिसीतून जे परत येईल त्यातून आधी पाच लाखांचा आरोग्यविमा घ्या, बीपीची गोळी लपवू नका. सत्तरीनंतर आयुष्मानचं कार्ड मिळेल, मधली वर्षं उघडी आहेत. प्रवासविम्यातही बीपी नोंदवाच. ब्रिटनमध्ये पाहुण्यांना इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर सरकारी दराच्या दीडपट बिल येतं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो, म्हणजे जूनमध्ये. एफडी मोडल्याची पावती स्टेटमेंटला जोडा, नाहीतर खात्यात अचानक आलेल्या पैशांवर शंका घेतात. आणि तक्रारीचा अर्ज लिहायला पुण्यातल्या तुमच्या मुलाला बसवा. मंडळीतल्या त्या मुलाला नको, तो म्हणेल, “आंटी, टेन्शन घेऊ नका, मी बघतो.”