कोरोनाकाळात सगळीच ऑपरेशन्स बंद होती का? सर्जरी विभागांनी नेमकं काय बदललं?

सगळी नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हर्निया, मोतीबिंदू, गुडघेबदल असली थांबू शकणारी ऑपरेशन्स पुढे ढकलली. फुटलेलं अपेंडिक्स किंवा अडलेली बाळंतीण थोडीच थांबणार?

खरा पेच कॅन्सरचा. मुंबईच्या टाटा मेमोरियलने काम चालू ठेवलं. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० दरम्यान तिथे ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर एकही रुग्ण दगावला नाही. सरसकट सगळं बंद ठेवणं मला तरी तेव्हाही पटलं नव्हतं.

थिएटरमध्ये संसर्गाच्या दृष्टीने तेव्हा सगळ्यात धोक्याचा मानलेला क्षण म्हणजे भूल देताना घशात नळी घालणं. तेव्हा भूलतज्ज्ञ आणि एखादा मदतनीस आत, बाकी सगळे, अगदी सर्जनसुद्धा, दाराबाहेर. खोलीतली हवा बदलेपर्यंत थांबायचं, मगच आत जायचं. जमेल तिथे पूर्ण भूल टाळून पाठीत इंजेक्शन द्यायचं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात भरलेला गॅस तसाच न सोडता फिल्टरमधून काढायचा. टीमचे दोन गट पाडायचे, म्हणजे एक क्वारंटाइन झाला तरी दुसरा हाताशी.

हाल झाले ते निवासी डॉक्टरांचे. ड्युटी कोविड वॉर्डात, हात बसायला केसेसच नाहीत.

पुढे २०२१ मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून सल्ला आला: संसर्गानंतर शक्य असेल तर किमान ७ आठवडे ऑपरेशन टाळा.