पाठमोरा नायक

प्रश्न : माजिद माजिदी यांच्या प्रेषित मुहम्मदांवरील इराणी चित्रपटात नायकाचा चेहरा न दाखवता कथा कशी सांगितली आहे?

उत्तर : २०१५ मधील या फारसी चित्रपटात प्रामुख्याने प्रेषितांचे बालपण येते. छायालेखक व्हित्तोरियो स्तोरारो यांनी मुलाला पाठमोरे ठेवले आणि काही ठिकाणी कॅमेराच त्याच्या नजरेच्या जागी नेला, त्यामुळे त्याच्याऐवजी त्याच्याकडे पाहणारी माणसेच आपल्याला अधिक दिसतात. एवढा संयम पाळूनही मुंबईच्या रझा अकादमी या सुन्नी मुस्लिम संघटनेने माजिदी व संगीतकार ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध फतवा मिळवला. आपण केवळ संगीत दिले, असा खुलासा रहमान यांना करावा लागला. चमत्कारांच्या भव्यतेत कथा कधीकधी हरवते (येमेनचा राज्यकर्ता अबरहा याच्या मक्केवरील हत्तींच्या स्वारीचा प्रसंग मात्र मोठ्या पडद्यावरच पाहावा असा आहे).