फोन बदलायची घाई नको, आधी हे बघ

अरे, तीन वर्षांचा फोन म्हणजे म्हातारा नव्हे. आधी बॅटरी बघ. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेली असेल तर नुसती बॅटरी बदल. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा भाव विचार. स्वस्तातली नकली बॅटरी फुगते. स्टोरेज गच्च असेल तर व्हॉट्सॲपचे व्हिडिओ उडवून टाक, बराच फरक पडेल.

सिक्युरिटी अपडेट बंद झालेत आणि यूपीआय त्याच फोनवर आहे? मग मात्र थांबू नकोस.

नवखे मेगापिक्सेल मोजत बसतात, अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारत नाहीत. गूगलच्या पिक्सेल ८ला बाजारात आल्यापासून ७ वर्षं अपडेट आहेत. आयफोनच हवा असेल तर सप्टेंबरपर्यंत दम धर, नवा आला की जुन्याचा भाव उतरतो.